धडधाकट देवाजीचे सेब

घरात सेब आला म्हणजे कोणीतरी बिमार आहे, हे नागपूरच्या नंदनवन वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संत्री खायची असतात, केळी खायची असतात, बोरं तर फुकटच मिळतात. पण सेब हा खाटेवर पडलेल्या माणसाच्या उशाशी ठेवायचा असतो. भेटायला जाताना न्यायचा, "आता कसं वाटून राहिलं?" असं विचारायचं आणि त्यातल्याच दोन फोडी तोंडात टाकून घरी यायचं. पंचफुलाला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण त्या शुक्रवारी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सेब आणा म्हणून नवऱ्याला सांगितलं, झाकून आणा म्हणून सांगायचं राहिलं. आणि मधुकर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. त्याने सीताबर्डीहून चार लालभडक सेब घेतले, जाळीच्या पिशवीत घातले, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि घंटी वाजवत वाजवत भर संध्याकाळी गल्लीतून आला.

हे सेब कशासाठी, ते घरातल्या चौघा मोठ्या माणसांनाच माहीत होतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याला रोग्यांचा पथ्याचा स्वयंपाक करायला बाई पाहिजे होती. पंचफुलाने अर्ज टाकला आणि चक्क उत्तर आलं. मंगळवारी सकाळी नऊला हजर व्हा, चार पदार्थ करून दाखवा: भाताची पेज, मुगाचं पाणी, दुधातला साबुदाणा आणि शिजवलेलं सफरचंद. पहिले तीन तिने झोपेतही केले असते. चौथ्यापाशी तिचं घोडं अडलं. सेब तिने आयुष्यात दोनदा खाल्ला होता, दोन्ही बाळंतपणांत, तोही कच्चा. तो चुलीवर चढवतात हेच तिला त्या कागदावरून कळलं.

मधुकरच्या गिरणीचा काही भरवसा राहिला नव्हता, तेव्हा ही नोकरी पाहिजेच होती. पण खरं सांगायचं तर तिला धास्ती सेबाची नव्हती. त्या दवाखान्यात आजवर स्वयंपाकाला महाराज असायचे, जानवं घातलेले. तिथे आता ही जाणार. धम्मदीक्षेच्या वर्षी ती सहा वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून गेली होती आणि घरी येताना बाप म्हणाला होता, आता आपण कोणापेक्षा कमी नाही. आपण कमी नाही हे पंचफुलाला पक्कं माहीत होतं. समोरच्याला माहीत आहे की नाही, एवढाच सवाल होता. आपल्या हातचं लोक खातील का? तोंडात घातल्याशिवायच बाजूला सारतील का? म्हणून तिने घरात सगळ्यांना शपथ घातली, की नोकरी लागेपर्यंत बाहेर एक अक्षर काढायचं नाही. उगाच लोकांनी आधीच "तिथं तुझ्या हातचं कोण खाईन वं?" म्हणून पाय ओढायला नकोत.

आता शपथ घातली कोणाला, तर तुळसाबाईला. पंचफुलाची ही सासू मनाची लाख चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला नळावर बायांनी गाठलं.

"कोण बिमार हाय वं, तुळसाबाई? सेब आले म्हणे."

बिचारी कोंडीत सापडली. नोकरीचं बोलायचं नाही, आणि सेब तर साऱ्या गल्लीने पाहिलेले.

"आमच्या यायले जरासं बरं नाही," ती म्हणाली आणि घागर उचलून घरी आली.

ते ऐकून पंचफुलाने कपाळाला हात लावला. "आत्याबाई, मामाजीले बिमार काहून केलं?"

"मंग का सांगू? नोकरीचं सांगू नको म्हणालीस. सेब कोणासाठी आणले म्हणू, बकरीसाठी?"

त्या वेळी देवाजी, म्हणजे पंचफुलाचा सासरा, मागच्या अंगणात कुऱ्हाडीने लाकडं फोडत होता. पासष्टीचा गडी, पण तीन भाकरी खाऊन चौथीकडे पाहणारा. त्याला हाताला धरून आत आणावं लागलं.

"मी मरून राहिलो काय वं?" तो भडकून म्हणाला.

"मंगळवारपर्यंत पडून राहा, मामाजी. पाया पडते तुमच्या."

देवाजी कुरकुरत खाटेवर पडला. बाया डोकावून गेल्या, कोणी कपाळाला हात लावून पाहिला, कोणी पाय चेपून दिले. अर्ध्या तासाने त्याने पहिल्यांदा "आई गं" म्हटलं. पंचफुलाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की हा माणूस आता लवकर उठत नाही.

पहिला सेब तिने त्याच संध्याकाळी बटाट्यासारखा अख्खाच उकडला. साल तडकली, आतला गर लिबलिबीत झाला, आणि त्याला ना रूप ना वास. ती अंगणात पाणी भरायला गेली तेवढ्यात तुळसाबाईने त्याचं सोनं केलं. लसणाची फोडणी, लाल तिखट, वरून मीठ. पंचफुला परत आली तोवर देवाजीने ज्वारीच्या भाकरीबरोबर ताट पुसून घेतलं होतं.

"वांग्यावानी लागते," बिमार माणूस म्हणाला. "पण वांगं बरं."

"आत्याबाई!"

"फिकं कोण खाईन वं? बिमार झाला म्हणून का त्याले जीभ नाही?"

आता हिला काय सांगायचं, की दवाखान्यात फोडणी दिली तर रोग्याआधी आपणच बाहेर पडू? पंचफुला भांडी आदळत घासायला बसली.

शनिवारी दिवस उगवायच्या आधी माणसं सुरू झाली. येणाऱ्याला चहा द्यावा लागतो, आणि घरात स्टोव्ह एकच. सातव्या चहाला वामनराव आले. हे मधुकरच्या गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. दुखण्यातलं आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो खोडून काढायची कोणाची हिंमत नव्हती. त्यांनी देवाजीची नाडी धरली, डोळे मिटले, मान हलवली. मग फळीवरच्या तीन सेबांकडे बोट दाखवलं.

"हे काय शोभेले ठेवले काय? चाकू आण."

"काका, ते उद्यासाठी..." मधुकर चाचरत म्हणाला.

"उद्या कोणी पाह्यला गा?" वामनराव म्हणाले, आणि देवाजीने लगेच डोळे मिटून घेतले. सेब कापला गेला. दोन फोडी देवाजीला, दोन वामनरावांना, बाकीच्या खोलीभर फिरल्या. पंचफुला स्टोव्हला पंप मारत आतून पाहत होती. तिच्या वाट्याला बिया आल्या.

रविवारी पारशिवनीहून रामाजी आला, देवाजीचा सख्खा भाऊ. बायकोला घेऊन, अंथरुणाची वळकटी घेऊन आणि संत्र्यांचं पोतं घेऊन. दारातूनच त्याने हंबरडा फोडला. "दादा, मायाशी एक डाव बोल गा!"

देवाजी तेव्हा खरोखरच झोपला होता. तो दचकून उठला आणि "जयभीम" म्हणाला. ते ऐकून रामाजी आणखीच रडला. म्हणे दादाचा आवाज पार खोल गेला. आत्ताच उठलेल्या माणसाचा आवाज दुसरा कसा असणार, पण ऐकतो कोण?

त्या दिवशी पंचफुलाने तिसरा सेब हातात घेतला. या खेपेला साल काढली, फोडी केल्या, साखर घातली, पाणी घातलं, झाकण ठेवलं. चांगला वास सुटत होता. तेवढ्यात रामाजीच्या बायकोला आंघोळीला गरम पाणी पाहिजे झालं. पातेलं उतरलं, हंडा चढला. हंडा उतरला, चहा चढला. मग तुळसाबाईने मदत म्हणून ते पातेलं पुन्हा चढवलं आणि पाहुण्यांना गोष्टी सांगायला जाऊन बसली. पंचफुला धावत आली तोवर आत कोळसा झाला होता आणि घरभर धूर.

"अगरबत्ती लावली काय?" रामाजीने घाबरून विचारलं. "इतक्यात काहून लावली?"

तेव्हा मात्र पंचफुलाला रडूच आलं. पदर तोंडावर घेऊन ती मोरीत जाऊन उभी राहिली. परवावर काम आलं, हातात एक सेब, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही. जो येतो तो संत्री घेऊन येतो. खाटेखाली संत्री, फळीवर संत्री, पाण्याच्या माठाच्या मागे संत्री. त्या दवाखान्याने संत्रं शिजवा म्हटलं असतं तर तिने साऱ्या वॉर्डाला पुरेल एवढं शिजवलं असतं!

संध्याकाळी तिने मधुकरला विचारलं, "आणखी दोन आणता का?"

"चार आणले तं पारशिवनी आली," मधुकर म्हणाला. "आता सेब आणले तं लोक बाबाच्या तिरडीचे बांबू घेऊन येतीन."

सोमवारी दुपारी जेवणं उरकली. रामाजी आणि त्याची बायको आडवी झाली. पंचफुलाने सासूला दारात बसवलं, कोणी आलं तर झोपले आहेत म्हणून सांगा असं बजावलं, आणि शेवटचा सेब घेतला. पातळ फोडी केल्या, साखर पसरली, वाटीभर पाणी. स्टोव्ह बारीक करून त्याच्यासमोर ती ठाण मांडून बसली. जागची हलली नाही. फोडी मऊ झाल्या, काचेसारख्या दिसायला लागल्या, पाणी आटून पाक झाला. उतरवलं तेव्हा तिला स्वतःलाच बरं वाटलं.

पण हे असंच लागायला पाहिजे का? ते कोण सांगणार? तुळसाबाईने चाखलं आणि म्हणाली, मीठ नाही. देवाजीने चाखलं आणि म्हणाला, तिखट नाही. आणि मधुकर सकाळी गिरणीत जाताना म्हणून गेला होता की जे करशील ते बरंच होईल. त्याने तर कालच्या कोळशालाही बरं म्हटलं होतं. आंधळ्याच्या गावात आरसा विकावा तशी तिची गत झाली.

आणि दारातून आवाज आला. "काय वं, सेब शिजवला काय?"

शेजारच्या भागीरथाबाई. काटोलकडच्या शेतीवाल्या कास्तकार घरातल्या, नवरा वारला तेव्हापासून लेक आणि सून गोपिका यांच्याजवळ राहत होत्या. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण, त्यावरून दहा वर्षं मिरच्या, कोथिंबीर, बातम्या, भांडणं सगळं इकडून तिकडे जात होतं. माणूस वाईट नाही. पण या दहा वर्षांत भागीरथाबाईंनी पंचफुलाच्या घरी पाण्याचा घोट घेतला नव्हता. सोमवारी त्यांचा सोमवार असे, गुरुवारी गुरुवार असे, आणि बाकीच्या दिवशी त्या आत्ताच घेऊन आलेल्या असत. कोणी काही बोलत नसे. बोलायचं काय त्यात?

तुळसाबाई "झोपले आहेत" म्हणत होती, पण भागीरथाबाई वासाच्या मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथे थांबल्या.

"आमच्या त्यायले देत होते हे, दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "तीन महिने, दोन्ही वख्त. मीच तं भरवत होती चमच्यानं."

पंचफुलाने वर पाहिलं. "कोणत्या दवाखान्यात?"

भागीरथाबाईंनी नाव सांगितलं. तेच! साऱ्या नागपुरात ती चव माहीत असलेलं एक माणूस तिच्या उंबऱ्यात उभं होतं. शपथ गेली खड्ड्यात.

"काकू, मले उद्या तिथंच हे करून दाखवाचं हाय. रोग्यायच्या स्वयंपाकाची नोकरी हाय. मामाजी ठणठणीत हायेत, त्यायले काही झालं नाही. हे सेब माये होते."

भागीरथाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "रोग्यायचा स्वयंपाक? तू?"

ते "तू" पंचफुलाला लागलं. पण तिने गिळलं, वाटीत चार चमचे काढले, वाटी पुढे केली. "चाखून सांगा. असंच राहत होतं काय?"

भागीरथाबाईंनी वाकून पाहिलं, वास घेतला. हात मात्र पदरातच. "दिसते तं बराबर."

"दिसून काय करता, काकू? चव सांगा."

"आज सोमवार नाही का वं माया."

"सेब उपासाले चालते!"

हे पंचफुला एवढ्या जोराने ओरडली की बाहेर रामाजी उठून बसला. आता भागीरथाबाई काय म्हणणार? फळच ते. साखर-पाण्यात शिजवलेलं फळ. त्याला ना मीठ ना फोडणी. कोणत्या सोमवारला ते चालत नाही?

"तीन दिवस झाले," पंचफुला म्हणाली, आणि एकदा तोंड सुटलं ते आवरेना. "तीन दिवस झाले, सारी बस्ती माया घरी येऊन राहिली. ज्यायले खाऊ नका म्हणते ते माये सेब खाऊन जातात, अन् जिले हात जोडून खा म्हणते तिचा सोमवार! दहा वर्षं झाले, काकू. तुमच्या गोपिकाच्या बाळंतपणात माया हातचा शेक चालला, माया हातचा चहा नाही चालला. मी कधी काही म्हटलं? आजबी नसतं म्हटलं. पण उद्या मले तिथं जाऊन उभं राहाचं हाय, अन् तिथंबी कोणाचा सोमवारच असला तं मी काय करू? नसन खाचं तं नका खाऊ. तसं तोंडावर सांगा. देवाच्या नावावर ढकलू नका!"

तुळसाबाईसुद्धा गप्प बसली, आणि हे त्या घरात पहिल्यांदाच झालं. देवाजी बिमारी विसरून खाटेवर उठून बसला होता.

भागीरथाबाईंचं तोंड लाल झालं. त्या आता फणफणत निघून जाणार, मग कुंपणावरचं बोलणंही बंद, असं पंचफुलाला वाटलं. आणि जावो मेलं, असंही वाटलं. पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी एकदा वाटीकडे पाहिलं. मग उंबऱ्यावरच खाली बसल्या.

"चमचा दे," त्या म्हणाल्या.

पहिला घास त्यांनी तोंडात नुसताच धरून ठेवला. दुसरा सावकाश खाल्ला.

"साखर जास्त हाय."

"जास्त?"

"मंग! तापाच्या माणसाले इतकं गोड गळ्याखाली उतरत नाही. अन् फोडी पहा केवढ्या केल्या. दात नसन त्यानं काय कराव? घोटून दे. आणखी आण इकडे."

पंचफुलाने आणखी वाढलं. भागीरथाबाई खात होत्या आणि खोड्या काढत होत्या. पाक घट्ट झाला. झाकण आधी काढलं असशील, म्हणून रंग गेला. तिसऱ्या खेपेला त्यांनी वाटी आपणच पुढे केली. पंचफुलाच्या जिवाची नुसती तगमग. दहा वर्षं बाईने पाणी प्यायलं नाही आणि आता बसून नावं ठेवते आहे!

मधेच भागीरथाबाई थांबल्या. "शेवटी शेवटी ते हेच मागत होते," त्या म्हणाल्या. "दुसरं काही दिलं तं तोंड फिरवून घेत." मग पुन्हा चमचा उचलला.

"काकू," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "उद्या तिथं खातीन ना लोक?"

"खाटेवरचे खातीन. त्यायले भूक राहते." भागीरथाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "आमच्यावानी खाटेजवळ उभे राहणाऱ्यायचं काही सांगता येत नाही."

मग वाटी खाली ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "मी इथं खाल्लं म्हणून गोपिकाले सांगू नको."

पंचफुलाच्या डोक्यात पुन्हा सणक गेली. एवढं सगळं झालं, आणि शेवटी हे?

"मी होऊन नाही सांगत," ती म्हणाली. "पण कोणी पुसलं तं खोटंबी नाही बोलणार."

भागीरथाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, अंगणात गेल्या. कुंपणापलीकडे गोपिका उभीच होती, पोर कडेवर घेऊन.

"किती वेळ हो, सासूबाई? काय करून राहिल्या होत्या?"

भागीरथाबाई थांबल्या. मागे स्वयंपाकघराच्या दारात पंचफुला उभी होती. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"सेब खाऊन राहिली होती," भागीरथाबाई म्हणाल्या. "पंचफुलानं शिजवला."

गोपिकाचे डोळे मोठे झाले. "अवं माय! आज तं तुमचा सोमवार ना?"

"मंग? फळच होतं ते," भागीरथाबाई खेकसल्या. "उद्या दवाखान्यात नोकरीले चालली ती. चाल, पोराले ऊन लागून राहिलं."

पंचफुला आत आली. रामाजी कोणती नोकरी, कोणाची नोकरी विचारत होता आणि देवाजी त्याला मोठमोठ्याने सांगत होता. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. शेवटचा सेब संपला होता. तळाला चिकटलेलं तेवढं उरलं होतं. तिने ते बोटाने निपटून चाटलं.

साखर खरंच जास्त झाली होती.